पडद्याचा हुक की रोमन पिन

सिंगापूरच्या बुकित पंजांगला ज्या आंटींच्या फ्लॅटमध्ये मी खोली घेऊन राहत होते, त्यांना माझं काम एकाच शब्दात माहीत होतं: गंज. पोस्टडॉक म्हणून इथे आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं, विद्यापीठात तू नक्की काय करतेस? मी सांगितलं, की कॉम्प्युटरच्या चिपमध्ये तांब्याच्या तारा असतात, केसाहून कितीतरी बारीक. त्या गंजू नयेत म्हणून काय करता येईल, ते मी शोधते. आंटींनी थोडा विचार केला. “म्हणजे गंज,” त्या म्हणाल्या आणि मला बाथरूममधला हीटर कसा चालू करायचा ते दाखवायला घेऊन गेल्या.

आंटी सत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेल्या, त्यामुळे चालणं भरभर आणि बोलणं मोजकं. नवरा काही वर्षांपूर्वी वारलेला, मुलगी ऑस्ट्रेलियात. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतून चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. वाक्याच्या शेवटी त्या लावतात तो इथला ‘लाह’ मात्र ठेवते, कारण तो काढून टाकला की मला त्यांचा आवाजच ऐकू येत नाही.

एका शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. खिडकीबाहेरून एलआरटी, म्हणजे इथली उंच रुळांवरची छोटी ट्रेन, गेली. आमच्या ब्लॉकजवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, आतल्या लोकांना आमच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. आंटी हातात पांढरा रुमाल घेऊन आल्या आणि त्याची घडी माझ्यासमोर उलगडली. आत बोटाच्या दोन पेरांएवढी, धनुष्यासारखी वाकलेली एक धातूची वस्तू होती. एका टोकाला तार गुंडाळल्यासारखे वेढे. दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूने एक पातळ पत्रा, त्याची कड आत वळवलेली. वेढ्यांतून एक काडी निघत होती, ती मध्येच तुटलेली. रंग तपकिरी-पिवळा आणि त्यावर जागोजाग फिक्या हिरव्या रंगाचे ठिपके. रुमालावरही तसलीच हिरवी पूड सांडली होती.

“हे बघ. मी पुसते, परत येतं. पुसते, परत येतं. तू गंजवाली ना? सांग हे काय आहे.”

“काय आहे म्हणजे? वस्तू काय आहे की हिरवं काय आहे?”

“आधी हिरवं. वस्तूचं मग बघू.”

मी खोलीतून भिंग आणलं. तांब्यावर येणारा हिरवा रंग दोन तऱ्हेचा असतो. एक गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला. तो पांघरुणासारखा असतो, खालच्या धातूला सांभाळतो. दुसरा फिका, पिठासारखा, बोटाला लागणारा. तो दिसला की समजायचं, मीठ आत शिरलंय आणि दमट हवेच्या मदतीने धातू खात चाललंय. हा दुसरा होता.

“हे आधीपासून होतं?” मी विचारलं.

“छे. इतकी वर्षं शिवणाच्या डब्यात पडून होतं, काळपट हिरवं, गुळगुळीत. आमच्या नर्सांचं जेवण होतं ना तोआ पायोहला, तेव्हा दाखवायला न्यायचं म्हणून मी ते घासलं.”

“कशानं?”

“आसाम आणि मीठ. यूट्यूबवर दाखवलं होतं.”

आसाम म्हणजे इथली चिंच. नाशिकला आमच्या घरी दिवाळीच्या आधी समया अशाच चिंच-मिठानं घासायचे आणि शेवटचा हात माझा असायचा. त्यामुळे रागवायला मला तोंडच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की जुनं हिरवं होतं ते त्याचं कातडं होतं, तुम्ही ते सोलून वर मीठ चोळलंत.

आंटींचा चेहरा पडला. मग त्यांनी अगदी वॉर्डात विचारावं तसं विचारलं, “वाचेल का?”

“कोरड्या हवेत ठेवलं तर आहे तिथे थांबेल. दमट हवेत राहिलं तर हळूहळू सगळ्याचं पीठ होईल.”

“सिंगापुरात कोरडी हवा कुठून आणू?”

पण ती घरातच होती. त्यांच्या नवऱ्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद होता. कॅमेऱ्यांना बुरशी लागू नये म्हणून त्याने एक काचेचं छोटं कपाट घेतलं होतं, विजेवर चालणारं, आतली हवा कोरडी ठेवणारं. हॉलच्या कोपऱ्यात ते अजून गुणगुणत असायचं. आंटींनी त्यातली एक लांबलचक लेन्स उचलून सोफ्यावर ठेवली आणि तिच्या जागी एका वाटीत ती वस्तू ठेवली. काचेचं दार लावून आम्ही दोघी बाहेरून बघत उभ्या राहिलो.

“आता सांगा,” मी म्हटलं, “ही आहे काय?”

“तेच तर मला माहीत नाही,” आंटी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. विशीत असताना त्या नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेल्या होत्या. तेव्हा इथल्या बऱ्याच मुली जायच्या. त्यांचं हॉस्पिटल एका छोट्या गावाच्या कडेला होतं, भोवती सपाट शेतं, वारा अडवायला काही नाही. तिथे अँब्युलन्स चालवणारा एक उंच, अबोल माणूस होता. तो आणि त्याची बायको रविवारी परदेशी मुलींना आळीपाळीनं जेवायला बोलवायचे. जेवण झालं की तो एक यंत्र घेऊन शेतात जायचा. लांब दांडा, खाली थाळी, कानांना हेडफोन. जमिनीत धातू असला की ते वाजायचं. शेतकऱ्याची परवानगी होती. आंटी त्याच्याबरोबर जायच्या, कारण घरात थांबलं तर त्याच्या बायकोबरोबर भांडी पुसत बसावं लागायचं.

“त्याला काय मिळायचं?”

“बटणं. घोड्याचे नाल. बंदुकीची रिकामी काडतुसं. वर्षानुवर्षं तेच. तरी जायचा. मग एका रविवारी त्यानं हेडफोन मला दिले. मी थोडी चालले असेन, आणि वाजलं. डास कानाशी यावा तसं. आम्ही खुरप्यानं उकरलं. त्यानं माती अंगठ्यानं पुसली. मग म्हणाला, रोमन. एवढंच.”

“मग?”

“मग ट्रॅक्टरवरून शेतकरी आला. त्यानं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, माझ्या आजीच्या पडद्यांना असले हुक होते. घेऊन जा पोरी, तुला आठवण.”

आंटी हसल्या. मीही हसले. पण हसता हसता मला कळलं, की या बाईंनी पन्नास वर्षं ती वस्तू दोन नावांनी सांभाळली आहे.

“तुम्ही नंतर कुणाला विचारलं नाहीत?”

“विचारलं असतं आणि पडद्याचा हुक निघाला असता तर?”

“तर काय बिघडलं असतं?”

“तर तो अँब्युलन्सवाला चुकला असता ना,” आंटी म्हणाल्या आणि लेन्स ठेवायला दुसरी जागा शोधायला लागल्या.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. रोज सकाळी कामावर जाताना मी त्या काचेच्या कपाटापाशी थांबायचे. हिरवं वाढलं नाही ना ते बघायचं, हे निमित्त. खरं म्हणजे मला ते कळून घ्यायचं होतं. आमच्या प्रयोगशाळेत हातात धरायचं एक यंत्र आहे, भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलसारखं दिसतं. वस्तूवर टेकवून बटण दाबलं की त्यातून क्ष-किरण निघतात आणि पडद्यावर आतल्या धातूंची नावं येतात. वस्तूला ओरखडाही पडत नाही. मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि विचारलं, “मीसुद्धा बघायला आलो तर चालेल का?”

आंटी आधी नको म्हणाल्या. दोन दिवसांनी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, “समज, हुक निघाला, तर मला सांगायचं नाही.” आणि नेण्याच्या दिवशी सकाळी स्वतःच तयार होऊन दारात उभ्या. इस्त्रीचा फुलाफुलांचा ब्लाउज, हातात प्लॅस्टिकचा डबा. डब्यात कापसावर ती वस्तू आणि भोवती समुद्री शेवाळाच्या पाकिटांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. बसमध्ये त्यांनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता.

यंत्र टेकवलं. पडद्यावर तांबं आलं, ते येणारच होतं. त्याच्या खाली जस्त आलं, भरपूर. मग थोडं शिसं. प्रमुख म्हणाले, “पितळ!” त्यांच्या आवाजात आनंद होता. माझा मात्र हिरमोड झाला. माझ्या डोक्यात जुनं म्हणजे कासं, तांबं आणि कथिल. पितळ म्हटलं की मला पडद्याचे हुकच दिसायला लागले.

“काय झालं?” आंटींनी विचारलं. “सांग लाह. मी म्हटलं होतं सांगू नकोस, पण आता तोंड बघितलंय तुझं.”

“पितळ आहे,” मी म्हटलं. “पण हुकही पितळेचाच असता.”

“म्हणजे एवढं मोठं यंत्रही काही सांगत नाही.”

“यावरून तरी नाही. शिवाय गंजलेल्या पृष्ठभागावरून आतलं नेमकं कळतही नाही.”

परत येताना आंटी खुशीत होत्या. त्यांच्या दृष्टीनं सामना बरोबरीत सुटला होता. मी घरी येऊन वाचत बसले, तर कळलं, की रोमन लोकांना पितळ चांगलं ठाऊक होतं. ते पितळेची नाणी पाडायचे, कपड्याला लावायच्या पिना करायचे. माझं अज्ञान तेवढं दूर झालं. प्रश्न होता तिथेच राहिला.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट कळली. इंग्लंडात असं शेतात काही सापडलं, तर त्याची नोंद करणारे अधिकारी प्रत्येक भागात असतात. लोक फोटो पाठवतात, ते ओळखून सांगतात. मी आंटींना विचारलं, पाठवू का? त्या कपाटापाशी गेल्या, काचेतून पाहिलं, पुन्हा येऊन बसल्या.

“पाठव,” त्या म्हणाल्या. “त्यांनी काहीही सांगितलं तरी ऐकायचं माझं वय झालंय आता.”

रविवारी आम्ही टेबलावर पांढरा कागद पसरला. शेजारी पट्टी ठेवली आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढले. वरून, खालून, वेढ्यांच्या बाजूनं, वळवलेल्या पत्र्याच्या बाजूनं. आंटी आपल्या नवऱ्याच्या जुन्या टेबललॅम्पनं उजेड धरत होत्या आणि “सावली पडतेय, सावली” म्हणून मला सतत हलवत होत्या. संध्याकाळी फोटो गेले. लगेच उत्तरही आलं, पण ते कॉम्प्युटरनं आपोआप पाठवलेलं होतं: इथल्या अधिकारी बाई सुट्टीवर आहेत, परत आल्यावर उत्तर देतील.

त्या मधल्या काळात एका मराठी मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. ती बँकेत आहे, तिच्या कॉंडोच्या खालच्या हॉलमध्ये कार्यक्रम. मी आईनं पाठवलेली पैठणी काढली. आता पैठणी मी वर्षातून एकदा नेसणार, पदर खांद्यावर राहीना. शेवटी आंटींना हाक मारली. त्या आल्या, तोंडात दोन सेफ्टी पिना धरून माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि ड्रेसिंग करावं तसं नेटकं काम सुरू केलं. पहिली पिन लागली. दुसरी लावताना त्या थांबल्या.

“काय झालं? टोचली?”

मी वळून पाहिलं. आंटी हातातली पिन उघडत होत्या, मिटत होत्या. एका टोकाला तारेचा वेढा. तो दाबला, की काडी ताणली जाते. दुसऱ्या टोकाला पत्र्याची टोपी, काडीचं टोक तिच्यात अडकतं. त्यांनी ती पिन माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि मलाही दिसलं. वेढा, काडी, आत वळवलेली कड. इतके दिवस ती वस्तू रोज पाहत होते, भिंगातून पाहिली, क्ष-किरणांतून पाहिली आणि तिचं काम काय, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला धातूचा तुकडा म्हणूनच बघत होते.

आम्ही दोघी कपाटाकडे गेलो. मी एका खांद्यावर अर्धा पदर घेऊन. आंटींनी काचेला सेफ्टी पिन टेकवली, आतल्या वस्तूच्या शेजारी.

“हुकाला स्प्रिंग कशाला लागेल?” त्या हळूच म्हणाल्या.

“नाही लागणार,” मी म्हटलं. “पडदा तर नुसता अडकवायचा असतो.”

“आणि हे असं वळवलेलं?”

“टोक टोचू नये म्हणून. पिन उघडू नये म्हणून.”

मग आंटींनी माझा उरलेला पदर लावून दिला. हळदीकुंकवाला मी उशिरा पोहोचले. तिथे बायकांच्या खांद्यांवर, निऱ्यांपाशी कुठे कुठे पिना लावल्या आहेत, हेच मी बघत बसले. मैत्रिणीनं विचारलं, “लक्ष कुठे आहे तुझं?” मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “दोन हजार वर्षं? आणि माझी गेल्या महिन्यातली पिन गंजली बघ.” रात्री आईला व्हिडिओ कॉल करून सांगितलं. आईनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, “कुणाची असेल गं?” तो मला अजून पडला नव्हता.

उत्तर आलं ते एका कामाच्या दिवशी दुपारी. मी प्रयोगशाळेतून बाहेर येऊन जिन्यात उभ्यानं वाचलं. फोटो स्पष्ट आहेत, अधिकारी बाईंनी लिहिलं होतं. ही कपड्याला लावायची पिन आहे, इसवीच्या पहिल्या शतकातली. सगळी एकाच कांबीतून ठोकून काढलेली: धनुष्य, वेढे आणि काडी, कुठेही जोड नाही. घडण तिथल्या स्थानिक लोकांच्या जुन्या पद्धतीची आहे. पण मी पाठवलेले आकडे खरे धरले तर धातू पितळ आहे आणि पितळ त्या मुलखात आलं ते रोमन लोकांबरोबर. म्हणजे तिथल्याच एखाद्या कारागिरानं नव्या धातूत जुन्या वळणाची पिन केली असावी. शेवटी एक प्रश्न होता: नेमकी कुठे सापडली?

मला फोनवर सांगायचं नव्हतं. घरी आले तेव्हा आंटी कपडे वाळत घालायच्या बांबूला चिमटे लावत होत्या. मी तिथेच उभं राहून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला ओला टॉवेल पुन्हा बादलीत टाकला.

“म्हणजे तो बरोबर होता,” त्या म्हणाल्या.

“हो.”

त्या आत येऊन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी मला आधी न सांगितलेलं सांगितलं. पिन सापडली त्याच आठवड्यात इथे त्यांचे वडील गेले होते. बातमी पोहोचली तोवर अंत्यविधी उरकले होते आणि तिथून निघून येणं शक्यच नव्हतं. वॉर्डातले सगळे भेटेल तिथे बिचारी, बिचारी करत होते. रविवारी त्या जेवायला गेल्या, पण घास उतरेना. तेव्हा अँब्युलन्सवाल्यानं त्यांना शेतात नेलं आणि आपले हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवले.

“म्हणाला, हे घातलेस की तुला कुणी काही बोलणार नाही. बस, चालत राहा.” आंटींनी डोळे पुसले नाहीत, कारण त्यांतून काही आलं नव्हतं. त्या समोर भिंतीकडे बघत होत्या. “इतकी शांतता मला त्या आठवड्यात मिळाली नव्हती. आणि मग ते वाजलं.”

मी त्यांच्यासाठी कोपी, म्हणजे इथली कॉफी, केली, कंडेन्स्ड दूध जास्त घालून. कप त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसले.

जागा शोधायचं काम पुढच्या सुट्टीच्या दिवशी केलं. टॅब्लेटवर उपग्रहाचा नकाशा उघडला. आंटींना गावाचं नाव आठवत होतं. हॉस्पिटल सापडलं, पण आता तिथे राहायच्या इमारती होत्या. “हे बॉयलरचं धुराडं, हे तरी ठेवलंय,” त्या म्हणाल्या. तिथून त्यांचं बोट रस्त्यानं निघालं. चर्च, मग पाण्याची उंच टाकी, मग एक ओढा डावीकडे वळतो ती जागा. बोट इतकं हळू चालत होतं, की मधूनमधून पडदा काळा व्हायचा आणि मला तो पुन्हा उजळावा लागायचा. ओढ्याच्या वळणापलीकडे दोन शेतं होती, मधे झुडपांची रांग.

“यातलं एक. कुठलं ते नाही सांगता येत.”

“अंदाजे सांगा.”

“नाही. नाही माहीत तर नाही माहीत. दोन्ही लिही.”

तसंच लिहिलं. शेतकऱ्यानं ती दिली होती, तेही लिहिलं. अधिकारी बाईंनी आभार मानले आणि विचारलं, शोधणारा म्हणून कुणाची नोंद करू? आंटी म्हणाल्या, त्याची कर. मी म्हटलं, सापडली तर तुम्हाला. यावर आमची बरीच हुज्जत झाली. शेवटी आंटींनी मला जे कळवायला लावलं ते असं होतं: यंत्र त्याचं, कान माझे. बाईंनी दोघांचीही नोंद केली.

हिरव्याचं काय करायचं, हे अजून राहिलं होतं. प्रमुखांच्या ओळखीची एक संवर्धक होती, जुन्या धातूच्या वस्तूंवर काम करणारी. आम्ही पिन तिच्याकडे नेली. तिनं सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं एकेक ठिपका उकरून काढला, मग पिन एका द्रावणात बुडवून ठेवली. मी बाटलीवरचं नाव वाचलं आणि मला हसू आलं. ते मी रोज माझ्या तांब्याच्या तारांना लावते तेच रसायन होतं. संवर्धकानं आंटींना बजावलं, की आता चिंच नाही, लिंबू नाही, बोटांचा घामसुद्धा नाही. आंटी वॉर्डातल्या वरिष्ठ नर्सला म्हणावं तसं म्हणाल्या, “येस सिस्टर,” आणि ती बिचारी गोंधळली.

पिन वाचली. कपाटात पुन्हा आपल्या वाटीत जाऊन बसली. मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पण आंटींच्या मनात काहीतरी चालू होतं. एक दिवस त्यांनी विचारलं, “तुझा इथला काळ संपला की तू जाणार. मुलगी तिकडे. मी गेल्यावर हे कपाट कोण चालू ठेवेल?” मी काही तरी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या, “मी नर्स होते लाह. हे प्रश्न मला लाजवत नाहीत.” अधिकारी बाईंनी मागेच लिहिलं होतं, की शेतापासून जवळच्या बाजारपेठेच्या गावात एक छोटं संग्रहालय आहे, त्यांना अशा वस्तू हव्या असतात. आंटींनी मुलीला फोन केला. पुढच्या उन्हाळ्यात दोघी मिळून इंग्लंडला गेल्या. पिन हातातल्या बॅगेत, त्याच प्लॅस्टिकच्या डब्यात.

त्या परत आल्या तेव्हा मी विमानतळावर घ्यायला गेले होते. टॅक्सीत त्यांनी शेताचे फोटो दाखवले. गुडघ्याएवढं हिरवं पीक, पलीकडे पाण्याची टाकी. अँब्युलन्सवाला आणि त्याची बायको दोघंही जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावच्या दफनभूमीत दोघांचा एकच दगड होता, तिथे आंटी फुलं ठेवून आल्या. शेतकऱ्याच्या घरात आता त्याची नात होती. तिनं चहा दिला. पडद्यांच्या हुकांबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं.

“आणि संग्रहालय?” मी विचारलं. “देताना वाईट नाही वाटलं?”

“वाटलं. मग त्यांनी खण उघडला.”

खणात पिनाच पिना होत्या, आंटी म्हणाल्या. फोमच्या खाचांत ओळीनं ठेवलेल्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी. काही लहान, काही बोटाएवढ्या, एकीवर निळ्या मिन्याचा ठिपका अजून शिल्लक. बहुतेकांच्या काड्या तुटलेल्या. आणि त्यातल्या कितीतरी त्या ओढ्याच्या आसपासच्याच शेतांत सापडलेल्या. संग्रहालयातल्या मुलीनं आंटींची पिन एका रिकाम्या खाचेत ठेवली आणि खण लगेच बंद केला नाही. तुम्हाला हवं तितका वेळ बघा, म्हणाली.

“इतक्या पिना एकाच ठिकाणी का?” मी विचारलं.

“मीही तेच विचारलं. ती म्हणाली, नक्की कुणालाच माहीत नाही. तिथं कुणी अजून खणलेलं नाही.” आंटी टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. “मला वाटतं, बाजार असणार. गर्दीशिवाय इतक्या पिना हरवतात का कधी? ढकलाढकली, घासाघीस, कुणाचं तरी पोर रडतंय.”

“देऊळही असू शकेल,” मी म्हटलं. “किंवा ओढा ओलांडायची जागा. अंगरखे वर खोचताना पिना पडत असतील.”

आंटींनी वळून माझ्याकडे पाहिलं. हे त्यांना पटल्यासारखं दिसलं आणि पटायचं नव्हतं असंही दिसलं.

“ओढा उथळ आहे,” त्या म्हणाल्या. “मी चालून पाहिलाय. अंगरखा खोचायची गरजच नाही.”

“तेव्हा खोल असेल.”

“बाजारच,” आंटी म्हणाल्या आणि टॅक्सी घराच्या वळणाला लागेपर्यंत तो बाजार कसा भरत असेल, ते मला सांगत राहिल्या.